खडूचा मासा

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी ते माझ्या तोंडावर फेकायला नको. एकोणीसशे सव्वीस सालच्या टाळेबंदीत मी संपफोड्यांचा कोळसा जहाजात टाकला. एकदा नाही, सात आठवडे. आणि टाकताना छाती फुगवून उभा होतो, की बघा रे, अख्ख्या गोदीत बारा नंबरच्या टिपवर पापाचं एक ढेकूळ नाही! मला तेव्हा कुणी गाढव म्हटलं असतं तर गाढवाला राग आला असता.

टिप म्हणजे आमचं कोळसा उलटायचं यंत्र. दरीतल्या खाणींपासून रूळ थेट गोदीच्या काठापर्यंत येतात. भरलेली वाघीण पाळण्यावर घ्यायची, पाण्याच्या दाबाने पाळणा वर न्यायचा, वाघिणीचं दार सोडून ती तिरपी करायची, की दहा टन कोळसा लोखंडी घसरगुंडीवरून धाडधाड जहाजाच्या पोटात. खाली फावडेवाले तो सारखा करत. रिकामी वाघीण पलीकडच्या रुळावरून परत दरीत, आपल्या खाणीत. खाणीचं नाव तिच्या अंगावर हातभर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं. दारू प्यायलेला माणूस घर चुकेल, वाघीण चुकत नसे.

ही गोदी आमच्या बापाने खणली. म्हणजे हजारो माणसं होती, पण तो सांगायचा असा की बाकीचे नुसते विड्या ओढत होते. जुन्या गोदीवाल्यांशी खाणमालकांचं फाटलं आणि त्यांनी डोंगर फोडून स्वतःची रेल्वे आणली, चिखल उपसून स्वतःची गोदी केली. बाप आला तेव्हा इथे चार घरं आणि एक विहीर होती. खणून झाल्यावर त्याला टिपवर काम मिळालं, आणि आमचा मामा वर नांतदीच्या खाणीत लागला. दोघांची एक गंमत होती. नांतदीची वाघीण रिकामी झाली की बाप तिच्या फळीवर खडूने मासा काढायचा. एकाच रेघेचा, शेपटी जरा लांब. वाघीण वर पोचली की मामा समजायचा, खाली सगळं ठीक आहे. मामाने काढलेला मासा भरल्या वाघिणीवरून खाली यायचा. पत्राला तिकीट लागतं, माशाला लागत नाही, असं बाप म्हणायचा.

तो मासा आम्ही दोघं भाऊ पाटीवर शिकलो. मी उजव्या हाताचा, धाकटा इद्वाल डावखुरा. आई म्हणायची, एका पाटीवर काढू नका रे, तुमचे मासे एकमेकांना धडकतील. पुढे मी बापाच्या जागी टिपवर लागलो, इद्वाल मामाच्या हाताखाली नांतदीत गेला. बाप वारल्यावर आईसुद्धा इद्वालकडे राहायला गेली. मला राग आला होता. पण तिचं म्हणणं, "तुझ्याकडे समुद्राचा वारा आहे, माझ्या छातीला सोसत नाही. तिकडे चूल विझत नाही." खरंच होतं ते. खाणवाल्याच्या घरात कोळसा फुकट, चूल बारा महिने चोवीस तास पेटलेली.

मग सव्वीस साल आलं. मे महिन्यात मालकांनी खाणींना टाळं लावलं, की कमी पैशात जास्त तास राबायचं असेल तर या. खाणवाल्यांसाठी आम्ही रेल्वेवाले, गोदीवाले, सगळे उतरलो. नऊ दिवस. दहाव्या दिवशी लंडनहून आमच्याच पुढाऱ्यांनी सांगितलं, झालं, आता कामावर जा. आणि आम्ही गेलो. लाज वाटली का? वाटली. पण गेलो. खाणवाले एकटे पडले. तेव्हापासून दरीतला माणूस गोदीवाल्याला रस्त्यात भेटला तर थुंकायचा नाही, पण थुंकी गिळायचाही नाही.

बाहेरदेशी कोळसा जाणं बंदच होतं. जहाजांच्या भट्ट्यांपुरता थोडा यायचा, खाणींच्या यार्डात टाळेबंदीआधीचा पडलेला जुना साठा. जुलैत आमच्या टिपवरचे सात जण केबिनमध्ये बसलो आणि ठरवलं: जुना साठा टाकायचा, तो खाणवाल्यांनी स्वतः खणलेला, त्यात पाप नाही. पण टाळं तोडून आत गेलेल्या फितुरांनी खणलेला एक खडासुद्धा टाकायचा नाही, मग कंपनी आम्हाला घरी बसवो.

"ओळखणार कसं?" आमचा मुकादम शॅड्रॅक म्हणाला. शॅड्रॅक म्हणजे चॅपलमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारा आणि केबिनमध्ये सगळ्यात आधी चहा ओतून घेणारा माणूस.

मी म्हणालो, "माझा भाऊ आहे ना नांतदीत! युनियनने त्यालाच यार्डावर लक्ष ठेवायला बसवलंय. जुन्या साठ्यातून भरलेल्या वाघिणीवर तो मासा काढेल. मासा असेल तर टाका, नसेल तर पाळण्यावरच घेऊ नका."

"आणि तुझ्या भावाचा भरवसा?"

"माझ्या भावाचा मासा म्हणजे माझा शब्द," मी म्हणालो. "चुकला तर माझं तोंड काळं करा."

कसा टेचात म्हणालो होतो! आजूबाजूच्या टिपवाल्यांनीही ते उचललं. बाराचा एमलिन टाकतोय ना, मग टाकायला हरकत नाही. माझ्या जिवावर अर्धी गोदी निर्धास्त झाली.

ऑगस्ट बरा गेला. आठवड्याला वीस-पंचवीस वाघिणी यायच्या, मासा असायचा. सप्टेंबरच्या मध्याला एकदम वाढल्या. रोज बारा, रोज पंधरा. सगळ्यांवर मासा. मला काय, आनंदच झाला.

आमच्यात सगळ्यात म्हातारा एलायसकाका. बासष्टचा. बापाबरोबर काम केलेला, मला टिपचा दांडा धरायला शिकवलेला. बोलणं कमी. गाजर लावतोस की कांद्याची पात, एवढंच विचारायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी त्याने वाघिणीतून एक ढेकूळ उचललं, उन्हात धरलं आणि माझ्यापुढे आणलं.

"चकाकतंय," तो म्हणाला.

"कोळसा आहे काका, चकाकणारच."

"जुना कोळसा चकाकत नाही. पाच महिने पावसात पडला की त्याची कड झडते, तोंड राखाडी होतं. हे बघ, सुरीसारखी कड आहे. आणि एमलिन, जुना साठा जुना साठा म्हणतोस, तो संपत कसा नाही? येशूने पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरवले होते. तुझा भाऊ एका माशातच भागवतोय!"

सगळे हसले. शॅड्रॅक नाही हसला, हे मला नंतर आठवलं.

"आणि तो मासासुद्धा..." काका पुढे बोलणार होता.

मी त्याला बोलू दिलं नाही. माझं डोकं असं, की एकदा सटकलं की सटकलं. म्हणालो, "काका, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. कोळसा दिसत नाही, मासा दिसत नाही, मग टिपवर करता काय? घरी बसा आणि पात मोजा! माझ्या भावाला खोटं म्हणणारा या टिपवर मला नको."

बासष्ट वर्षांच्या माणसाला, सगळ्यांदेखत. काकाने ढेकूळ हळूच परत वाघिणीत ठेवलं. खुंटीवरचा डबा काढला. "तुझ्या बापाला मी कधी उलट बोललो नव्हतो," एवढंच म्हणाला आणि रूळ ओलांडून निघून गेला. परत आला नाही. शॅड्रॅकने माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंस. म्हातारा किरकिऱ्या झाला होता." त्या थापेने मला बरं वाटलं. आता आठवलं की पाठ खाजते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नांतदीची एक वाघीण तिरपी केली आणि घसरगुंडी तुंबली. एक मोठं ढेकूळ आडवं अडकलं होतं. मी पहार घेऊन वर चढलो. पहार घालणार, तर ढेकळावर खडूने लिहिलेलं दिसलं. २१७.

आता हे सांगायला हवं. खाणीत प्रत्येकाचा नंबर असतो. आपण भरलेल्या ढकलगाडीवर तो खडूने लिहायचा, म्हणजे वर वजन करणाऱ्याला कळतं गाडी कुणाची. बहुतेक जण गाडीच्या फळीवर लिहितात. आमचे इद्वालराव शौकीन! गाडीच्या कडेने मोठी ढेकळं भिंतीसारखी रचायचे आणि सगळ्यात देखण्या ढेकळावरसुद्धा नंबर घालायचे. सात लिहिताना पोटात आडवी रेघ, मामाने शिकवलेली. आमच्याकडे दुसरं कुणी तसा सात लिहीत नाही. २१७ म्हणजे इद्वाल.

मी तिथे वरती उभा होतो, खालून फावडेवाले ओरडत होते, "काय झोपलास काय रे?" आणि मी अंगठा त्या साताच्या पोटावर ठेवला. खडू बोटाला लागला. कोरडा, ताजा. एप्रिलमध्ये लिहिलेला आकडा पावसात पंधरा दिवस टिकत नाही, सहा महिने कुठून टिकेल? हा कोळसा या आठवड्यात खणलेला होता. माझ्या भावाने खणलेला. आणि त्याच वाघिणीच्या फळीवर मासा होता.

 मी ते ढेकूळ हाताने सोडवलं, कोटात गुंडाळलं आणि तब्येत बरी नाही सांगून घरी आलो. बायकोलासुद्धा काही बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, पहिली गाडी धरून वर गेलो. ढेकूळ पिशवीत. गाडी फाट्यापर्यंतच जात होती, पुढचे चार मैल चालत. गावात शिरलो आणि पाय थबकले. दरीत मी आयुष्यभर येत होतो, पण असं कधी पाहिलं नव्हतं. डोंगरउतारावर घरांच्या लांबच लांब रांगा, शेकडो धुरांडी, आणि एकातूनही धूर नाही. कोळशावर बसलेलं गाव गारठून पडलं होतं. बायका टेकडीवरच्या खाणीच्या कचऱ्यातून कोळशाचे खडे वेचत होत्या.

फक्त इद्वालच्या रांगेत एकच धुरांडं धूर सोडत होतं. किती घरं मोजली म्हणता? मोजायची गरज नव्हती. मला माहीत होतं कुणाचं ते.

दार त्याच्या बायकोने, ओल्वेनने उघडलं. खिडकीच्या एका तावदानाला पुठ्ठा लावलेला. "भावोजी," ती म्हणाली आणि बाजूला झाली. चहा घेता का, बसा, काही नाही. मी सरळ आत. चूल धडधडत होती आणि चुलीपुढे खुर्चीत शाल पांघरून आमची आई बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"एमलिन! किती रोडावलास रे. ये, शेकायला बस. बाहेर गारठा आहे ना?"

इद्वाल मागच्या दारातून आला. दाढी वाढलेली, डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यागत कोळसा. जो माणूस सहा महिने खाणीत उतरला नाही त्याच्या डोळ्यांत कोळसा नसतो. मी पिशवीतून ढेकूळ काढलं आणि आईच्या टेबलावर आदळलं.

"घे. तुझं विसरलेलं सामान."

त्याने आकडा बघितला. मान खाली घातली नाही. तेच मला जास्त झोंबलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"सप्टेंबरच्या तेरा तारखेपासून. आईला खोकल्यातून रक्त पडलं. चूल नव्हती, दूध नव्हतं. डॉक्टर म्हणाला ऊब द्या. ऊब! या गावात! मॅनेजर म्हणाला खाली उतर, पहिल्याच दिवशी गाडीभर कोळसा दारात टाकतो."

"मला सांगायचं होतंस!"

"तुला? तुला सांगून काय झालं असतं? तुम्ही नऊ दिवसांत परत गेलात, एमलिन. आम्हाला भर रस्त्यात सोडून. तेव्हा मी तुझ्या दारात ढेकूळ आपटायला आलो होतो का?"

 उत्तर नसलं की माझा आवाज चढतो.

"ते सोड! तू उतरलास, उतर. भेकड असशील, मी गिळीन. पण मासा? माशाने खोटं बोललास तू! फितुरांच्या कोळशावर आपल्या बापाचा मासा काढलास आणि तो मी आंधळ्यासारखा टाकत राहिलो. माझ्या तोंडाला काळं फासलंस!"

आता मात्र तो चमकला. "कुठला मासा?"

"कुठला मासा, म्हणे! रोज पंधरा वाघिणींवर येतोय तो!"

"मी उतरलो त्या दिवशी खडू खाली ठेवला. शपथेवर सांगतो. तेरा तारखेनंतर एकही मासा मी काढलेला नाही. मासा थांबला की तुला कळेल, तू समजून घेशील, असं वाटलं होतं मला. मग तू काही विचारलं नाहीस, म्हटलं समजला असेल."

"खोटारड्या!"

"फितूर म्हण," तो म्हणाला. आवाज एकदम शांत. "गाव म्हणतंच, तूही म्हण. पण खोटारडा नको म्हणू. मासा नीट बघ, एमलिन. नीट बघ तो."

मी काय बघणार? मी रागाने आंधळा झालो होतो. आईकडे वळलो. "आई, ऊठ. माझ्याबरोबर चल. या घरात एक घोट पाणी पिऊ नकोस."

आईने शाल घट्ट केली. "ज्या पोराने माझ्यासाठी अख्ख्या गावाच्या शिव्या घेतल्या, त्याला सोडून येऊ? दोघं माझेच ना रे."

"दोघं नाहीत," मी म्हणालो. "आजपासून एक धर. कुठला ते तू ठरव."

ओल्वेन म्हणाली, "भावोजी, असं बोलू नका, त्या आजारी आहेत." मी दार आपटून बाहेर पडलो. चार मैल शिव्या देत चाललो. ढेकूळ तिथेच टेबलावर राहिलं.

सोमवारी सकाळी केबिनमध्ये चहा चालला होता. काका गेल्यावर उरलेले आम्ही सहाही जण होतो. मी टोपी काढली. मला वाटत होतं माझी जीभ झडेल, पण बोललो. "माझा शब्द खोटा ठरला. सप्टेंबरपासूनचा कोळसा फितुरांचा आहे. माझा भाऊ त्यांच्यातच आहे आणि मासाही त्याचाच. तुम्हाला पापात मी ढकललं. काकाला मी हाकललं. काय करायचं ते करा माझं, पण आजपासून नांतदीची वाघीण टाकायची नाही."

वाटलं कुणीतरी कानफटात मारील. मारली असती तर किती बरं झालं असतं!  एक जण बुटाकडे बघत होता, एक जण कपातला चहा ढवळत होता, साखर नसलेला. मग बाहेर पाळण्यापाशी वाघीण येऊन ठेपल्याची घंटा वाजली.

शॅड्रॅक उठला. "मासा आहे का तिच्यावर?" त्याने खिडकीतून विचारलं, कुणाला तरी सवयीने विचारावं तसं.

"नाही," मी म्हणालो. वाघीण मला दिसत होती. फळी कोरी होती.

शॅड्रॅक बाहेर गेला. मी मागे गेलो. त्याने इकडेतिकडे बघितलंही नाही. कोटाच्या खिशात हात घातला, खडूचा तुकडा काढला आणि फळीवर एका रेघेत मासा काढला. लांब शेपटीचा. हात असा बसलेला, की शेकडो काढले असावेत.

माशाचं तोंड डावीकडे होतं.

इद्वालचा मासा उजवीकडे बघतो. जन्मापासून. डावखुरा माणूस दुसरीकडे तोंड काढूच शकत नाही. आणि गेले सात आठवडे मी रोज डावीकडे बघणारे मासे बघत होतो आणि माझ्या भावाचे म्हणून मिरवत होतो. दिवसाला पंधरा-पंधरा वाघिणी बघणारा माणूस खूण आहे की नाही एवढंच बघतो, खुणेचं तोंड बघत नाही. एलायसकाकाने बघितलं होतं. तेच तर सांगत होता तो.

"तू," मी म्हणालो. 

"मी नाही तर कोण?" शॅड्रॅक हात झटकत म्हणाला. "तुझ्या भावाचा मासा एक दिवस यायचा थांबला. मासा नाही म्हणजे काम नाही. सात घरं, एमलिन. माझ्याकडे सहा तोंडं आहेत. गोदीच्या यार्डात वाघीण आली की मी आधी जाऊन यायचो."

"आणि यांना?"

"यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. आंधळे थोडेच आहेत."

मी मागे वळून बघितलं. बाकीचे चौघं केबिनच्या दारात. एकानेही नाही म्हटलं नाही. म्हणजे मी एकटा! ज्या टिपवर मी छाती फुगवत होतो तिथे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. आणि काकाला संशय आला तर त्याला हाकलायला त्यांनी माझंच तोंड वापरलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. 

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," शॅड्रॅक म्हणाला, अगदी समजुतीने. "तुला खोटं बोलता येत नाही रे. बाकीचे टिपवाले तुझ्याच तोंडाकडे बघून कोळसा टाकत होते. असा चेहरा गोदीत दुसरा नव्हता आमच्याकडे." मग दांडा धरणाऱ्याकडे वळून ओरडला, "चला, घ्या वर!"

आणि पाळणा वर गेला. मी उभा असताना गेला. कोळसा घसरगुंडीवरून खाली गेल्याचा आवाज ऐकला आणि मी रूळ ओलांडून निघून गेलो, काका गेला होता त्याच वाटेने.

काका परसात पातीच्या वाफ्यात वाकला होता. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. म्हणालो, "काका, मासा उलटा पोहत होता."

"हं," तो म्हणाला. "शॅड्रॅकच्या खिशाला पांढरं लागलेलं असायचं. सांगायलाच आलो होतो तुला."

"मला माफ करा."

त्याने हाताची माती झटकली. "माझं राहू दे. मी म्हातारा, पात मोजतोय. रविवारी वर गेला होतास म्हणे. भावाला काय बोललास?"

मी सांगितलं. आईला काय बोललो तेही सांगितलं. काकाने डोळे मिटून घेतले.

"मग इथे काय उभा राहिलास माझ्या तोंडाकडे बघत?" तो एकदम खेकसला. "जा की!"

गेलो का मी? नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. जाताना तोंडात काय शब्द धरायचे तेच जुळेनात. इद्वाल फितूर तर होताच ना, असं मनाला सांगत राहिलो. आपण एकटेच गाढव ठरलो याची लाज वेगळीच असते, ती माणसाला घरात कोंडून घालते. शिव्या द्यायला जायला मला एक रात्र पुरली होती. माफी मागायला जायला सहा दिवस लागले.

पुढच्या रविवारी तीच गाडी, तेच चार मैल. वळणावरून वर बघितलं. एकाही धुरांड्यातून धूर येत नव्हता. एकाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरून त्यावर कुणीतरी डांबराने लिहिलं होतं; काय, ते इथे सांगत नाही. आत काही नव्हतं. टेबल नाही, खुर्ची नाही, खिडकीचं दुसरं तावदानही गेलेलं. शेजारीण दारात येऊन हाताची घडी घालून उभी राहिली.

"गेले शुक्रवारी. ट्रक आला आणि सगळं भरून गेला. इंग्लंडात कुठेतरी. गाडीत म्हातारीला गादीसकट ठेवलं."

"कुठे म्हणून काही..."

"आम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्यांचे भाऊ ना, गोदीतले? तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी?"

मी चुलीपाशी जाऊन बसलो. राख गार होती. चुलीत मधोमध ते ढेकूळ ठेवलेलं होतं, माझं, त्याचं, २१७ लिहिलेलं. जाळलं नव्हतं. आईला शेवटच्या दिवशी तेवढीच ऊब जास्त मिळाली असती, पण त्याने ते जाळलं नाही. आणि चुलीवरच्या काळ्या दगडावर, आई बसायची तिच्या डोळ्यांसमोर, खडूने मासा काढलेला होता. एका रेघेचा, शेपटी जरा लांब. सगळं ठीक आहे म्हणून सांगणारा.

त्याचं तोंड उजवीकडे होतं.

डिसेंबरात खाणवाले हरून कामावर गेले आणि मीही टिपवर परत गेलो. पोट कुणाला सुटलंय, हे इद्वालने मला आधीच सांगितलं होतं. त्यानंतर तीस वर्षं शॅड्रॅकच्या शेजारी दांडा धरला आणि त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. नांतदीची प्रत्येक रिकामी वाघीण वर सोडताना मी तिच्यावर मासा काढायचो. माझा, डावीकडे बघणारा. वर तो ओळखणारं कुणी नव्हतं. मग नांतदी बंद झाली, मग ती रेल्वे उखडली, आणि परवा बारा नंबरचा टिपही कापून भंगारात नेला. ढेकूळ माझ्याकडे आहे. आमच्याकडे आता गॅस आहे, कोळसा लागत नाही.